शालनमावशींची साक्ष

जिल्हा न्यायालयात शालन खरमाटे यांनी डोळे मिटले, डावा हात खांद्यापर्यंत नेला आणि हवेतल्या हवेत एक कडी खाली ओढून लावली.

"अशी लावली," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं. अन् मागं न बघता निघून गेला."

आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला सुयोग ढोबळे डावखुरा आहे हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बचावाचे वकील शकील पटवेगार उठले.

"बाई, पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही डाव्या हाताचा उल्लेख केला नव्हता."

"पोलिसांनी हात विचारलाच न्हाई, साहेब."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशबाईंनीही मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. भिंतीपाशी कॅमेरा लावून बसलेल्या केतकी मोकाशीने मात्र कॅमेऱ्यावरून डोळा काढला. तो डावा हात तिने बनवला होता.

केतकी एक्केचाळीस वर्षांची होती. पुण्यातल्या एका निर्मितीसंस्थेसाठी ती गुन्हेगारी खटल्यांवर माहितीपट करायची. खालच्या कोर्टांतल्या सुनावण्या थेट दाखवायला परवानगी मिळाली, तेव्हापासून खटला चालू असतानाच त्यावरच्या मालिका येऊ लागल्या होत्या. तिची 'आरोपी हजर' ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. नऊ खटले झाले होते. तिच्या कार्यक्रमात आरडाओरडा नसे, धडधडणारं संगीत नसे, आरोपीला कुणी नराधम म्हणत नसे. दोन्हीकडच्या घरी जाऊन ती चहा घेई, सगळ्यांचं ऐकून घेई. 'तुमच्यावर विश्वास बसतो हो,' असं लोक तिला लग्नकार्यात थांबवून सांगत, आणि ते ऐकायला तिला फार आवडे.

दहावा खटला तासगाव तालुक्यातला होता. तिथल्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये माल साठवण्याआधी तो एका बंद खोलीत ठेवत. खोलीतला प्राणवायू काढून घेतला जाई, की औषध न मारता बेदाण्यातली कीड मरून जावी. बाहेरून कडी पडली की यंत्र आपोआप सुरू होई. आत माणूस असेल तर त्याला ओरडायलाही वेळ मिळत नसे, शुद्धच हरपे. एप्रिलमधल्या एका दुपारी सुपरवायझर रमाकांत निकम आत क्रेट मोजत असताना कुणीतरी ती कडी लावली. माणूस आत आहे हे ओळखून यंत्र थांबवणारा सेन्सर आठवडाभर नादुरुस्त होता.

त्याच सकाळी निकमांचं आणि मशीनवरच्या सुयोगचं कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी सुयोगला धरलं. त्याचं म्हणणं, आपण तेव्हा मागच्या नळावर हातपाय धूत होतो. डोळ्यांनी पाहणारी एकच होती: निवडायच्या टेबलावर बसलेली शालन खरमाटे, वय अठ्ठावन्न. 'पाठमोरा माणूस कडी लावून गेला, अंगानं सुयोगसारखा वाटला,' एवढंच तिच्या जबाबात होतं.

एवढ्यावर खटला उभा राहणं कठीण होतं. माहितीपट उभा राहणं तर त्याहून कठीण.

त्यासाठी केतकीकडे 'पुनर्घट' होतं.

पुनर्घट म्हणजे एक गोल खोली आणि तिला जोडलेलं यंत्र. घटनास्थळाची मोजमापं, फोटो, जबाब, त्या दिवशी ऊन कुठून येत होतं इथपर्यंतची सगळी माहिती यंत्राला दिली, की ते तो प्रसंग भिंतींवर, छतावर, जमिनीवर जिवंत करायचं. आत उभ्या असलेल्या माणसाला वारा लागायचा, वास यायचा. माहिती नसेल तिथे यंत्र राखाडी धुकं ठेवायचं. ते धुकं दिग्दर्शकाने भरायचं, आणि टीव्हीवर त्या वेळी खाली पट्टी यायची: 'हा भाग कल्पित आहे.' गोल खोलीत उभ्या असलेल्या माणसाला ही पट्टी दिसत नसे.

केतकीने शालनमावशींना तीनदा पुण्याला आणलं. चुका दुरुस्त करायला, असं तिने सांगितलं. पहिल्या दिवशी मावशींनी पोती उजवीकडची डावीकडे करायला लावली, पंख्याचा आवाज वाढवायला सांगितला.

"गंधकाचा वास कमी पडतोय, ताई. बेदाण्याला धुरी देतात न्हवं, तिथं डोळं चुरचुरतात."

वास वाढवला. मावशींच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, "आता आलं बघा आमचं शेड." दाराशी त्या दिवशी फक्त एक राखाडी पाठ उभी होती.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने विचारलं, "कडी कुठल्या हाताने लावायची?"

"डाव्या," केतकी म्हणाली. "उजव्याने लावली तर कडी खांद्याआड झाकली जाते. शॉट वाया जाईल."

त्याने तसं केलं. दुसऱ्या दिवशी मावशी खोलीत उभ्या राहिल्या. गंधकाचा वास, पंखा, पोती, आणि दाराशी एक माणूस डावा हात वर नेऊन कडी ओढतोय. मावशींनी तोंडावर पदर घेतला आणि त्या मटकन खाली बसल्या.

"असाच," त्या रडत म्हणाल्या. "ह्योच. असाच लावला."

केतकीने तो क्षण पहिल्या भागाच्या जाहिरातीत वापरला. दोन कोटी लोकांनी तो पाहिला.

*

साक्ष झाली त्याच दिवशी संध्याकाळी केतकीने डॉ. नंदिनी हेब्बार यांना फोन केला. त्या स्मरणशक्तीवर संशोधन करायच्या आणि आधीच्या एका भागात तज्ज्ञ म्हणून बोलल्या होत्या.

"आठवण काढताना ती बदलते म्हणतात, ते कितपत खरं आहे?"

"पूर्ण खरं आहे. आठवण काढली की ती काही तास सैल होते. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या परत बांधल्या जातात, त्यासाठी नवी प्रथिनं तयार होतात. तोपर्यंत ती ओल्या प्लास्टरसारखी असते. त्यात काय उमटेल ते आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं. मग ती परत घट्ट होते."

"आणि त्या ओल्या वेळातच माणसाला तोच प्रसंग समोर उभा करून दाखवला तर? वासासकट?"

"मग तो दाखवलेला प्रसंगच आठवण होईल. नंतर त्या माणसाला शपथेवर विचारा, खोटं पकडायच्या यंत्राला जोडा, काही सापडणार नाही. तो खोटं बोलतच नसतो. त्याला खरंच तसं दिसतं."

"मूळ आठवण खाली कुठेतरी शिल्लक असेल ना? उकरून काढता येईल अशी?"

"त्याच जागेवर लिहिलं जातं, केतकी. खाली काही नसतं." मग त्यांनी विचारलं, "कुणाचं झालंय का असं?"

"नाही हो. पुढच्या एका भागासाठी विचारत होते," केतकी म्हणाली, आणि इतक्या सहज म्हणाली की फोन ठेवल्यावर ती हातातल्या फोनकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती निर्मात्याच्या, हर्षद टिळेकरच्या केबिनमध्ये गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पट्टी होती ना आपली?" त्याने विचारलं.

"खोलीत नव्हती."

"खोलीत प्रेक्षक नव्हते." तो पुढे झुकला. "हे बघ, नऊ खटले केलेत आपण. चार माणसं आत आहेत. तू या एका हाताबद्दल तोंड उघडलंस की नऊच्या नऊ साक्षीदारांवर प्रश्न येईल. खऱ्या गुन्हेगारांचे वकील रांग लावतील. ते तुला चालणार आहे? आणि सुयोगने केलं नाही असं तरी तुला वाटतं का?"

केतकीला वाटत होतं की त्यानेच केलं. पहिल्या आठवड्यापासून वाटत होतं.

"मग झालं तर," हर्षद म्हणाला. "तू बोलू नकोस. मी सांगतोय असं समज."

केबिनमधून बाहेर पडताना तिला हलकं वाटलं. कुणीतरी आपल्याला मनाई केली याचाच तो हलकेपणा होता, हे तिला जिना उतरेपर्यंत कळलं होतं, तरी ती परत वर गेली नाही.

सोमवारी सकाळी मात्र तिने एक गोष्ट केली. माहितीपट लोक आपापल्या वेळेला बघत, आणि तो कुठल्याही क्षणी बदलता येई. तिने पुनर्घट उघडलं आणि त्या माणसाचा हात डाव्याचा उजवा केला. शॉटसाठी त्याला अर्धं पाऊल बाजूला सरकवलं. कडी छान दिसत होती. खांद्याआड काहीच गेलं नाही.

यंत्राने विचारलं: 'बदल केल्याची नोंद प्रेक्षकांना दाखवायची?'

तिने 'नको' दाबलं. आता निदान आपला माहितीपट तरी सुयोगवर बोट दाखवत नाही, असं तिने मनाला सांगितलं. बारा मिनिटांत राज्यभर तो माणूस उजव्या हाताने कडी लावू लागला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणजे, एक सोडून.

*

गुरुवारी दुपारी शालनमावशींचा फोन आला.

"ताई, कामात हाय का?"

"बोला ना, मावशी."

"माझी भाची आल्ती. तिनं तुमचा पिच्चर लावला परत. त्यात तो माणूस उजव्या हातानं कडी लावतोय." मावशींचा आवाज खाली आला. "अन् मी तर कोर्टात डावा सांगितला. चार माणसांत हात वर करून दावला. मी चुकले का हो?"

केतकी खुर्चीत होती. समोर काचेपलीकडे लोक जेवणाचे डबे उघडत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही जे बघितलं तेच खरं. पिक्चरकडे लक्ष देऊ नका."

"तसं न्हाई, ताई. तेवढं बघितल्यापासनं मला उजवाच दिसायला लागलाय. डोळं मिटलं की उजवा. जरा थांबलं की डावा. माझ्या एका शब्दावर त्या पोराचा जन्म जायचा. मला झोप न्हाई लागत."

"दमला असाल तुम्ही. थोडे दिवस तो विचारच करू नका."

"बरं," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही हाय म्हणून बरं हाय. दुसऱ्या कुणाला इचारणार मी?"

पुढच्या मंगळवारी शालनमावशी एकट्याच एसटीने जिल्ह्याच्या गावी आल्या आणि सरकारी वकिलांना म्हणाल्या, "साहेब, मला परत उभं करा. मला आता हात कुठला ते खात्रीनं सांगता येत न्हाई."

वकिलांना धक्का बसला. एवढी पक्की साक्षीदार पंधरा दिवसांत फिरते याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. पटवेगारांनीही तिला परत बोलवायचा आग्रह धरला. पुढच्या आठवड्यात शालनमावशी पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आल्या.

"सुयोगच्या घरचं कुणी भेटलं तुम्हाला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"न्हाई."

"धमकी दिली?"

"कुणी न्हाई दिली."

"मग पंधरा दिवसांत डाव्याचा उजवा कसा झाला, बाई?"

"तेच मला कळंना, साहेब."

पुन्हा हशा झाला, पण या वेळचा वेगळा होता. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं. तासाभरात सगळ्यांच्या फोनवर तिचा चेहरा फिरू लागला.

कोर्टाच्या व्हरांड्यात निकमांची मुलगी ओवी शालनमावशींसमोर येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांची, कॉलेजची बॅग अजून पाठीला.

"पप्पांनी तुम्हाला कामावर लावलं होतं," ती म्हणाली. "माझ्या बारशाला आला होता तुम्ही. कितीला विकला गेलात?"

शालनमावशींनी इकडेतिकडे बघितलं आणि गर्दीत त्यांना केतकी दिसली. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्यासारखं आलं. आपल्याला ओळखणारं, आपल्या बाजूनं सांगणारं माणूस सापडलं, असं.

केतकीचा कॅमेरा चालू होता. तिने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि मावशींचा चेहरा फोकसमध्ये घेतला.

किती सेकंद, ते पुढे तिला चित्रणावरून नेमकं कळलं. नऊ. नवव्या सेकंदाला मावशींनी तिच्यावरची नजर काढून घेतली आणि पदर डोक्यावर ओढून त्या जिन्याकडे चालू लागल्या. केतकीने कॅमेरा बंद केला.

तिथून ती सरळ पटवेगारांच्या ऑफिसात गेली. तिने पहिल्यापासून सांगितलं. ते मध्ये एकदाच बोलले.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या साक्षीपासून. सतरा दिवस."

पटवेगार वयस्कर होते, कोर्टात आवाज चढवण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं.

*

केतकीची साक्ष झाली तेव्हा कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. आज कॅमेरा दुसऱ्याच कुणाचा होता. हर्षदने तिला आदल्या दिवशी कामावरून काढलं होतं. तिने सगळं मूळ चित्रण आधीच न्यायालयाकडे दिलं होतं.

तिने गोल खोलीबद्दल सांगितलं, पट्टीबद्दल सांगितलं, नंतर गुपचूप केलेल्या बदलाबद्दल सांगितलं. डॉ. हेब्बारही आल्या होत्या. आठवण कशी सैल होते आणि कशी परत बांधली जाते ते त्यांनी न्यायाधीशांना समजावलं. खाली बसताना त्यांनी केतकीकडे पाहिलं नाही.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "श्रीमती मोकाशी, डावाच हात का?"

"शॉटसाठी. उजव्याने कडी झाकली जात होती."

"पण नंतर उजवा करताना तुम्ही माणसाला अर्धं पाऊल सरकवलंत आणि झाकली गेली नाही, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत."

याचं उत्तर केतकीने स्वतःलाही दिलेलं नव्हतं.

"तुम्ही तो हात ठरवलात, तेव्हा आरोपी डावखुरा आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

"हो," ती म्हणाली. "मी त्यांची मुलाखत घ्यायला तुरुंगात गेले होते. संमतीपत्रावर त्यांनी डाव्या हाताने सही केली. मी पेन त्यांच्या उजव्या हाताशी धरलं होतं, त्यांनी ते हसून दुसऱ्या हातात घेतलं. माझ्या ते लक्षात राहिलं." तिने सुयोगकडे पाहिलं. "त्यांनीच केलं असं मला वाटत होतं. मला ते तसं दिसायला हवं होतं."

पिंजऱ्यातून सुयोग तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. कुणाचं तरी नाव आठवत नसलं की माणूस जसं बघतो तसं.

मग मोठ्या पडद्यावर मावशींची अगदी पहिली मुलाखत लावली. यंत्र, गोल खोली, काही नव्हतं तेव्हाची. शेडच्या बाहेर बाकावर बसून मावशी सांगत होत्या:

"दाराशी कोणतरी हुतं. पाठमोरं. कडी लावली अन् गेलं. अंगानं सुयोगसारखा वाटला. पण—"

आणि तिथे केतकीचाच आवाज आला, गोड, समजूतदार: "मावशी, जरा कॅमेऱ्याकडे बघून परत सांगता का? अंगाने सुयोगसारखा वाटला, इथून?"

पडद्यावरच्या मावशींनी मान डोलावली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि परत सांगितलं. "अंगानं सुयोगसारखा वाटला." आणि त्या थांबल्या. या वेळी 'पण' आला नाही.

न्यायाधीशबाईंनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग त्यांनी शालनमावशींना बोलावलं. मावशी पिंजऱ्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या.

"बाई, घाबरू नका. तुम्ही 'पण' म्हणालात. पुढे काय सांगणार होता?"

मावशींनी डोळे मिटले. पंखे फिरत होते. त्यांचा डावा हात थोडा उचलला गेला, मग खाली आला, मग उजवा उचलला गेला. त्यांच्या बंद डोळ्यांच्या कडेने पाणी येऊ लागलं.

"न्हाई, बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "तिथं आता पिच्चरच हाय. डावा पण हाय, उजवा पण हाय. मी सांगणार हुते ते न्हाई."

*

महिन्याभरात निकाल लागला. शालन खरमाटे खोटं बोलल्या नाहीत, असं न्यायाधीशबाईंनी निकालात स्पष्ट लिहिलं. पण त्यांच्या साक्षीवर आता कुणालाही दोषी धरता येणार नाही आणि कुणाला निर्दोषही म्हणता येणार नाही, असंही लिहिलं. सुयोग संशयाचा फायदा मिळून सुटला.

बाहेर पत्रकारांनी त्याला घेरलं. तो एवढंच म्हणाला, "मी केलं नाही असं कुणी म्हटलंय का त्यात? वाचून सांगा मला." कुणी वाचून सांगितलं नाही. त्याची आई त्याचा दंड धरून त्याला रिक्षाकडे घेऊन गेली. गावात त्याला परत कुणी मशीनवर घेणार नव्हतं, ते त्या दोघांनाही माहीत होतं.

पार्किंगमध्ये ओवी केतकीची वाट बघत उभी होती.

"तुम्ही आधीच बोलला असता तर गोष्ट वेगळी," ओवी म्हणाली. ती रडत नव्हती. "किंवा मग शेवटपर्यंत गप्पच बसायचं होतं. निदान मला कुणीतरी मिळालं असतं. आता कोण राहिलं? त्या बाईंनी पप्पांना मारणारा बघितला होता. खरंच बघितला होता. तो तुम्ही पुसून टाकलात."

केतकीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओवीने हात वर करून तिला थांबवलं आणि ती निघून गेली.

पुढचे काही महिने केतकी आपल्याकडे ठेवलेलं आधीच्या नऊ खटल्यांचं मूळ चित्रण वकिलांना पोचवत राहिली. त्यातल्या दोन ठिकाणी साक्षीदारांनी गोल खोलीतल्या गोष्टी कोर्टात सांगितल्या होत्या. एकात सदऱ्याचा रंग, दुसऱ्यात शिवी. दोन्ही माणसं अजून तुरुंगात होती, आणि त्यांचे अर्ज पुढे सरकायला वर्षं जाणार होती. रस्त्यात तिला ओळखून कुणी थांबवलं तर ती आता दुसऱ्या बाजूने जाई.

फेब्रुवारीत ती शालनमावशींच्या गावी गेली. जायचं तिने चारदा ठरवलं होतं आणि चारदा पुढे ढकललं होतं. निकालानंतर मावशींच्या नावावरचा डाग कागदोपत्री गेला होता, पण शेडवाल्याने त्यांना परत बोलावलं नव्हतं. कोर्टाचं झेंगट नको, एवढंच तो म्हणाला होता. त्या आता भाचीकडे राहत, तिच्या द्राक्षबागेत पडेल ते काम करत.

केतकी पोचली तेव्हा मावशी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. क्षणभर हात थांबले, मग परत चालू झाले.

"या," त्या म्हणाल्या. "पाणी घ्या. भाची बागेत गेलीय."

त्यांनी स्वतः उठून तांब्या-भांडं आणलं. केतकी ओट्यावर बसली. पाणी पिऊन झालं. समोरच्या ताडपत्रीवर शेंगांचा ढीग होता.

"मावशी," केतकीने सुरुवात केली. येताना सगळं वाक्य तिने मनात बांधून आणलं होतं. "त्या दिवशी मी तुम्हाला—"

"ताई," मावशी घाईने म्हणाल्या, आणि त्यांनी दाणे भरलेला हात वर केला. आवाजात राग नव्हता, भीती होती. "त्या दिवसाचं नाव माझ्यासमोर काढू नका."

"मला फक्त माफी—"

"म्हाईत हाय कशाला आलाय ते. पण तुम्ही बोलला की मला ते आठवणार. आठवलं की त्यात तुमचं बोलणं मिसळणार. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना कोर्टात? मी सगळं ऐकत हुते." त्यांनी मूठ छातीशी धरली. "मधनंच कधीतरी, काम करताना, मला तो गंधकाचा वास येतो. तुमच्या खोलीतला न्हाई. आमच्या शेडमधला. त्याच्यात कोणतरी पाठमोरं उभं असतं, अन् त्याला हातच नसतात. मी त्याच्याकडं बघत न्हाई. काढत न्हाई ते बाहेर. कधी आपलं आपण वळलं, तोंड दावलं, तर दावू दे. तेवढंच उरलंय माझ्यापाशी. त्याला हात लावू नका."

केतकीने मान डोलावली. माफी मागायची तर तो दिवस काढावा लागणार होता. दुसरी कुठली माफी तिच्याकडे नव्हती.

"बरं, मावशी," ती म्हणाली.

"शेंगा फोडता का जरा?" मावशींनी तिच्यापुढे थोडा ढीग सरकवला. "बसलाय तोवर."

केतकीने एक शेंग उचलली. ऊन ओट्यावर येईपर्यंत दोघी शेंगा फोडत राहिल्या. मावशींनी पावसाचं विचारलं, पुण्यातल्या पाण्याचं विचारलं, केतकीच्या आईच्या गुडघ्यांचं विचारलं. केतकीने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. मग ती उठली, चप्पल घातली, आणि जे सांगायला आली होती ते तसंच बरोबर घेऊन एसटी स्टँडकडे निघाली.